परिषदेचे सभागृह आणि शेजारची भट्टी

सिरॅमिक परिषदांविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. काही पत्रे प्रथमच जाणाऱ्यांची आहेत, तर एक पत्र जेथे परिषद भरणार आहे त्याच शहरातील कुंभारांचे आहे. त्यांतील सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी चाकावर बसते. आमच्या शिक्षिकांनी एका मोठ्या सिरॅमिक परिषदेला जाऊन येण्याचा सल्ला दिला आहे. कार्यक्रमपत्रिका पाहूनच छाती दडपली, कारण एकाच वेळी चार-चार ठिकाणी काही ना काही चालू आहे. माझ्यासारख्या हौशी व्यक्तीने तेथे जावे का, आणि गेले तर हे सगळे पाहावे कसे?

उत्तर : जरूर जावे. हौशी माणसाने परिषदेला जाणे म्हणजे आगाऊपणा होईल, ही शंका मला जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसते आणि तिला काहीही आधार नाही. सिरॅमिक परिषदेला शिक्षक आणि विद्यार्थी येतात, भट्ट्या बांधणारे आणि माती विकणारे येतात, संग्राहक येतात, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी चाकावर बसणारेही येतात. जुलै 1952 मध्ये इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल येथे कुंभार आणि विणकर यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे इंग्लिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्यासोबत जपानहून आलेले कुंभार शोजी हामादा आणि सोएत्सु यानागी होते. यानागी स्वतः कुंभार नव्हते, विचारवंत होते, आणि तरीही त्या परिषदेवर त्यांच्या बोलण्याची छाप मोठी होती. अमेरिकेत नॅशनल कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर द सिरॅमिक आर्ट्स ही संस्था 1966 पासून आहे आणि तिची परिषद दर वर्षी वसंतात वेगळ्या शहरात भरते. वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे 1987 पासून एक वर्षाआड महोत्सव भरत आला आहे, आणि तेथे तर व्याख्यानांपेक्षा पेटत्या भट्ट्यांभोवतीच गर्दी अधिक असते.

कार्यक्रमपत्रिकेचे दडपण येते, कारण पानात वाढलेले सगळे संपवलेच पाहिजे, या सवयीने आपण ती वाचतो. मी दिवसाला एक प्रात्यक्षिक आणि एक व्याख्यान निवडते आणि उरलेला वेळ मुद्दाम मोकळा ठेवते. प्रात्यक्षिक मात्र मधूनच उठून सोडू नये. ते दोन-दोन दिवस चालते, याचे कारण मातीच आहे. पहिल्या दिवशी घडवलेला भाग चामड्याइतका घट्ट होईपर्यंत त्याला कान, तोटी किंवा झाकण जोडता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर परत येणाऱ्यालाच ते काम पूर्ण दिसते. शक्य तर अशी जागा धरा, जेथून कुंभाराचे हात पडद्यावर न पाहता प्रत्यक्ष दिसतील. चाक कोणत्या दिशेला फिरते तेही पाहा. जपानी परंपरेत शिकलेले पुष्कळ कुंभार ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात आणि पाश्चात्त्य परंपरेत शिकलेले बहुधा उलट, त्यामुळे आतला हात आणि बाहेरचा हात यांच्या जागाच बदलतात, आणि आपण इतकी वर्षे जे गृहीत धरले होते ते एकदम नवे दिसू लागते.

एका परिषदेत मी एका वयस्कर कुंभारबाईंचे काम पाहत होते. मोठ्या बरणीचा खांदा आत वळवताना भिंत एका जागी लहरली आणि सभागृह गप्प झाले. बाईंनी चाक थांबवले नाही, पण वेग निम्म्यावर आणला आणि हातातला ओला स्पंज बाजूला ठेवून दिला, कारण त्या जागी आणखी पाणी गेले असते तर भिंत खाली बसली असती. मग लाकडी पट्टी बाहेरून टेकवून त्यांनी आतल्या दोन बोटांनी ती लहर वर वर नेली आणि काठापाशी संपवली. हे सगळे पंधरा-वीस सेकंदांत झाले. बरणी कशी करावी हे मला पुस्तकातूनही कळले असते, पण बरणी हातातून निसटू लागली की काय करावे, हे मी त्या दिवशी पाहिले.

प्रश्न : परिषदेसोबत शहरभर प्रदर्शने आणि स्टुडिओ-भेटी ठेवलेल्या असतात. आधीच वेळ अपुरा असताना सभागृह सोडून गावातल्या कुंभारांकडे जाण्यात खरोखर काही हशील आहे का? व्याख्याने तर नामवंतांची असतात.

उत्तर : हशील आहे, आणि दोहोंपैकी एकच निवडायचे झाले तर मी व्याख्यान सोडेन. नामवंतांची व्याख्याने पुढे कोठे ना कोठे ऐकायला मिळतात, पण त्या शहरातल्या भट्ट्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. परिषद चार दिवसांची पाहुणी असते आणि तेथील मातीकाम मात्र त्याआधी कित्येक दशके चालू असते. परिषदेचे आमंत्रण त्या शहराला मिळते, त्यामागे बहुधा तेच काम असते.

मार्च 2019 मध्ये वर उल्लेखलेली अमेरिकन परिषद मिनियापोलिसला भरली, तेव्हाचे उदाहरण पाहा. 1950च्या सुमारास वॉरन आणि अ‍ॅलिक्स मॅकेन्झी हे तरुण जोडपे इंग्लंडमध्ये सेंट आइव्हज येथे गेले आणि बर्नार्ड लीच यांनी 1920 मध्ये सुरू केलेल्या पॉटरीत सुमारे अडीच वर्षे काम करून परतले. डार्टिंग्टनच्या परिषदेनंतर लीच, हामादा आणि यानागी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांचा एक मुक्काम याच भागात, सेंट पॉल येथे झाला. वॉरन मॅकेन्झी यांनी पुढे मिनेसोटा विद्यापीठात 1990 पर्यंत शिकवले आणि स्टिलवॉटर गावाजवळच्या आपल्या पॉटरीत रोज वापरायची साधी भांडी आयुष्यभर केली. त्यांच्या विक्रीच्या खोलीत विक्रेता नसे. भांड्यांवर किंमत लिहिलेली असे, आणि घेणाऱ्याने पैसे टोपलीत टाकून स्वतःच सुटे परत घ्यावेत, अशी व्यवस्था होती. भांडी येथून घेऊन चढ्या दराने पुढे विकणारे वाढले, तेव्हा त्यांना ती खोली बंद करावी लागली. त्यांचे विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे विद्यार्थी त्याच परिसरात स्थिरावले. 1990 मध्ये शहरात नॉर्दर्न क्ले सेंटर उभे राहिले, आणि सेंट क्रॉई नदीच्या खोऱ्यातील कुंभार 1993 पासून दर मे महिन्यात आपले स्टुडिओ लोकांसाठी उघडे ठेवू लागले, इतकेच नव्हे तर दूरच्या कुंभारांनाही आपल्या अंगणात मांडणीला जागा देऊ लागले. मॅकेन्झी 31 डिसेंबर 2018 रोजी वारले आणि तीन महिन्यांनी परिषद त्यांच्या दारात आली. एवढा सगळा वारसा सभागृहाच्या भिंतीपलीकडे असताना चारही दिवस आतच बसून राहणे मला तरी जमले नसते.

प्रत्येक शहरात असा मॅकेन्झी असतो असे नाही. कोठे विटांच्या कारखान्यामुळे माती आणि भट्ट्या आधीच हाताशी असतात; मोंटानातील हेलेना येथे आर्ची ब्रे यांनी 1951 मध्ये कलाकारांसाठी जे केंद्र काढले, ते वीटभट्टीच्या आवारातच. कोठे एकाच कुंभाराच्या वस्तीमुळे गावाचा कायापालट होतो, जसे हामादा 1924 मध्ये जपानमधील माशिकोला गेले आणि रोजच्या घरगुती भांड्यांचे ते गाव पुढे जगभरच्या कुंभारांचे ठिकाण झाले. चीनमधील जिंगदेजेनमध्ये एक जण फक्त घडवतो, दुसरा फक्त तासतो, तिसरा फक्त रंगवतो, आणि ही कामाची वाटणी शतकानुशतके चालत आलेली आहे. म्हणून कोणत्याही शहरात पोहोचल्यावर मी तीन गोष्टी विचारते: माती कोठून येते, येथे पहिली मोठी भट्टी कोणी बांधली, आणि नवशिके कोणाकडे शिकतात. या उत्तरांनंतर स्थानिक प्रदर्शने वेगळी दिसू लागतात. पहिल्या दालनातील पेल्याचा कान आणि तिसऱ्या दालनातील किटलीचा कान एकाच घराण्याचा आहे, हे ओळखू येते.

बसने नेणाऱ्या ठरावीक फेऱ्या सोयीच्या असतात, परंतु एका दिवसात आठ ठिकाणे पाहिली की संध्याकाळी सगळी भांडी डोक्यात एक होतात. दोन किंवा तीनच स्टुडिओ पाहावेत आणि प्रत्येक ठिकाणी निदान तासभर थांबावे. पहिली वीस मिनिटे यजमान पाहुण्यांना ठरलेली माहिती सांगतो. खरे बोलणे त्यानंतर सुरू होते.

प्रश्न : मी स्वभावाने भिडस्त आहे. स्टुडिओत गेलो की भांडे हातात घ्यावे की नाही, घेतले तर त्यात नेमके काय पाहावे आणि कुंभाराशी काय बोलावे, ते सुचत नाही. ‘छान आहे’ म्हणून बाहेर पडतो आणि नंतर हळहळ वाटते.

उत्तर : बोलण्याची चिंता आधी सोडा, पाहणे नीट झाले की प्रश्न आपोआप सुचतात. ‘हात लावू नये’ अशी पाटी नसेल तर भांडे अवश्य उचला, कारण वापराच्या भांड्याचे निम्मे काम हातालाच कळते. दोन्ही हातांनी उचला, टेबलापासून फार उंच नेऊ नका, आणि झाकण असेल तर ते आधी काढून बाजूला ठेवा. बोटातल्या अंगठ्या आणि गळ्यात लोंबणारे ओळखपत्र यांनी परिषदेच्या काळात जितकी भांडी टवकतात तितकी दुसऱ्या कशाने टवकत नसतील, म्हणून ओळखपत्र खिशात टाका.

एखादा साधा पेला घ्या. उचलण्यापूर्वी तो किती जड असेल याचा डोळ्यांनी अंदाज करा आणि मग उचलून अंदाज चुकला का ते पाहा. दिसण्यापेक्षा जड लागला तर माती बहुधा बुडाशी राहून गेलेली असते, आणि दिसतो तेवढाच लागला तर भिंत कुंभाराने विचारपूर्वक ओढलेली आहे. काठावरून अंगठा फिरवा. मग पेला उलटा करा. कुंभार एकमेकांची भांडी सर्वांत आधी उलटी करून पाहतात, याचे नवख्याला हसू येते, पण बुडाला लपवाछपवी करता येत नाही. तेथे ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, नसतो, म्हणून मातीचा मूळ रंग आणि पोत दिसतो. तासताना हत्यार कोठे थरथरले ते दिसते. चाकावरून दोऱ्याने कापल्याची शिंपल्यासारखी वलये तशीच ठेवली आहेत की पुसली आहेत, ते दिसते. बुडाच्या वरच्या अंगाला कधी दोन-तीन फिकट ठिपके सापडतात. ग्लेझमध्ये बुडवताना पेला जेथे धरला होता तेथील ती बोटांची खूण असते. आपली बोटे त्या ठिपक्यांवर ठेवून पाहा. माझी बोटे एकदा तंतोतंत बसली होती, आणि त्या कुंभाराचा हात माझ्याएवढाच लहान आहे हे मला त्याला भेटण्यापूर्वीच कळले.

लाकडाच्या भट्टीतले भांडे असेल तर ते हळूहळू फिरवा. एका बाजूला राख वितळून हिरवट ओघळ झालेले असतील आणि दुसरी बाजू कोरडी, तांबूस असेल. ओघळांची बाजू आगीकडे होती. पोटावर वाटोळे, बिनराखेचे डाग असतील तर तेथे शेजारचे भांडे उभे होते किंवा मातीच्या गोळ्या टेकवल्या होत्या. शेवटी नखाने हलकेच टिचकी मारा, पण परवानगी घेऊन. पक्क्या भाजलेल्या स्टोनवेअरचा, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या कठीण झालेल्या भांड्याचा, आवाज घुमतो, आणि तडा असेल तर तो बद्द येतो. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतमंडळींची परीक्षा केली ती याच न्यायाने, पण पाहुण्याने तो अधिकार जपूनच वापरावा.

एवढे पाहिल्यावर ‘ही बाजू आगीकडे होती ना?’ असे विचारा. ‘तुम्हाला प्रेरणा कोठून मिळते?’ या प्रश्नाला कुंभार कंटाळलेले असतात. त्याऐवजी ‘या वेळच्या भट्टीत काय फसले?’ असे विचारून पाहा. माझा अनुभव असा की या प्रश्नावर माणूस खुर्ची ओढून बसतो, आणि थोड्या वेळाने मागच्या खोलीतल्या खोक्यातून ते फसलेले भांडेही बाहेर येते.

प्रश्न : तांत्रिक व्याख्यानांत ‘कोन सहा’, ‘कोन दहा’, ‘रिडक्शन’ असे शब्द सतत येतात आणि माझ्या डोक्यावरून जातात. किमान काय माहीत असले म्हणजे व्याख्यान समजेल?

उत्तर : कोन म्हणजे भूमितीतला कोन नव्हे, शंकू. ठरावीक मिश्रणाचे हे बोटाएवढे शंकू भट्टीत ठेवतात आणि पुरेशी उष्णता मिळाली की ते मऊ पडून वाकतात. जर्मनीत हेरमान झेगर यांनी 1886 मध्ये ते रूढ केले, आणि अमेरिकेत दहा वर्षांनी एडवर्ड ऑर्टन यांनी ते बनवायला सुरुवात केली. तापमापक असताना शंकू कशाला, असे तुम्हाला वाटेल. तापमापक फक्त त्या क्षणाचे तापमान सांगतो. शंकू मात्र तापमान आणि वेळ या दोहोंचा एकत्रित परिणाम दाखवतो, आणि मातीवर होतो तोच परिणाम. वरण किती शिजले हे शेगडीच्या ज्योतीवरून कळत नाही, डाळ चेपून पाहावी लागते, तसे हे आहे. कोन सहा म्हणजे सुमारे 1220 ते 1240 अंश सेल्सिअस, आणि कोन दहा म्हणजे सुमारे 1285 ते 1305 अंश. विजेच्या भट्ट्या वापरणारे बहुतेक जण कोन सहावर थांबतात. गॅस आणि लाकडाच्या भट्ट्यांत कोन दहाची परंपरा जुनी आहे.

रिडक्शन म्हणजे भट्टीला हवा मुद्दाम कमी देणे. अशा वेळी अपुरा ऑक्सिजन मिळालेली ज्योत ग्लेझमधल्या धातूंच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन ओढून घेते. ग्लेझमध्ये एक-दोन टक्के लोह असेल तर मोकळ्या हवेत ते पिवळसर किंवा तपकिरी दिसते आणि रिडक्शनमध्ये सेलाडॉन नावाच्या ग्लेझचा हिरवट निळा रंग धरते. तांबे मोकळ्या हवेत हिरवे होते आणि रिडक्शनमध्ये लाल. व्याख्यानात पडद्यावर एकाच ग्लेझचे दोन तुकडे शेजारी दिसले आणि एक हिरवा, एक लाल असला, तर वक्ता बहुधा हेच सांगत असतो.

विक्रेत्यांच्या दालनातही थोडा वेळ काढा. मातीच्या पिशवीवर भाजण्याचे तापमान, आकुंचन आणि पाणी शोषण्याचे प्रमाण दिलेले असते. स्टोनवेअरची पुष्कळशी माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत 12 टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणजे 10 सेंटिमीटर उंचीचा पेला हवा असेल तर तो चाकावर साधारण साडेअकरा सेंटिमीटरचा करावा लागतो. ही आकडेमोड जमली की निम्मी तांत्रिक चर्चा आपली वाटू लागते.

प्रश्न : एका स्टुडिओत मी भिंतीवर टांगलेल्या ग्लेझच्या चाचणीच्या तुकड्यांचा आणि वहीतल्या प्रमाणांचा फोटो काढला, तेव्हा यजमान नाराज झाले. पण कुंभार लोक ग्लेझची कृती मोकळेपणाने वाटतात, असे मी ऐकले होते. माझे चुकले का?

उत्तर : चुकले, पण ते सावरण्यासारखे आहे. बरेच कुंभार कृती मोकळेपणाने देतात हे खरे आहे. मात्र देणे आणि घेऊन जाणे यांत फरक आहे. विचारले असते तर कदाचित त्यांनी स्वतःच कागदावर लिहून दिली असती. शिवाय तीच कृती तुमच्या पाण्याने, तुमच्या कच्च्या मालाने आणि तुमच्या भट्टीत तशी उतरेल याचा भरवसा नसतो, हेही त्यांनी सांगितले असते. फोटो पुसून टाका, दोन ओळींचे पत्र लिहून दिलगिरी व्यक्त करा आणि त्या पत्रात कृती मागू नका.

प्रश्न : आम्ही सहा कुंभार मिळून एक सामायिक स्टुडिओ चालवतो. पुढच्या वर्षी आमच्या शहरात मोठी परिषद भरणार आहे आणि आम्ही पाहुण्यांसाठी दार उघडे ठेवायचे ठरवले आहे. काहींना वाटते की लोक येतील, फोटो काढतील, काही न घेता जातील आणि आमचे चार दिवस फुकट जातील. तयारी काय करावी, आणि त्याच दिवशी भट्टी उघडून दाखवावी ही आमची कल्पना योग्य आहे का?

उत्तर : भीती अगदीच खोटी नाही. परिषदेचे पाहुणे स्वतः कुंभार असतात, त्यांच्या घरी भांड्यांचा तोटा नसतो आणि परतीच्या सामानात जागा नसते. त्यामुळे मोठ्या सुरया तशाच राहतात आणि पेले, वाट्या, लहान बश्या जातात. मांडणी त्या हिशेबाने करा. पण विक्रीसाठीच दार उघडायचे असेल तर परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही. या चार दिवसांत मिळते ते वेगळेच असते: ज्यांना बूड उलटून पाहता येते असे पाहुणे एरवी वर्षभरात किती येतात? एखाद्याच्या बोलण्यातून ग्लेझच्या जुन्या अडचणीचा उलगडा होतो, कोणाकडून पुढे निवासी शिक्षणाचे आमंत्रण येते, आणि तुमच्यातला सर्वांत तरुण सदस्य ज्यांची कामे फक्त चित्रांत पाहत आला, ते त्याच्या चाकाशेजारी उभे राहतात.

संयोजकांना आत्ताच कळवा. पाहुण्यांच्या फेऱ्यांचे मार्ग आणि नकाशे परिषदेच्या कित्येक महिने आधी ठरतात, आणि त्यानंतर कितीही चांगला स्टुडिओ असला तरी तो नकाशावर येत नाही. शहरातल्या इतर स्टुडिओंना सोबत घ्या आणि एकाच रस्त्यावरचे तिघे एकाच दिवशी उघडे राहतील असे पाहा. परिषदेसाठी म्हणून नवी, दिखाऊ भांडी करू नका. तुम्ही रोज जे करता तेच मांडा, आणि एका टेबलावर चाचणीचे तुकडे, फसलेली भांडी आणि तुमची पहिली कच्ची कामे ठेवा. माझी पैज आहे की त्या टेबलापाशी गर्दी सर्वांत जास्त होईल.

सफाई मात्र आदल्या रात्री करा, आणि झाडूने नव्हे तर ओल्या फडक्याने. कोरड्या मातीच्या आणि ग्लेझच्या धुळीत सिलिका असते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो, आणि झाडल्याने ते कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. कुंभार पाहुण्यांच्या नजरेला ही गोष्ट लगेच पडते. तापलेल्या भट्टीभोवती दोरी बांधा आणि तिच्यापाशी एक माणूस उभा ठेवा.

आता भट्टी उघडण्याविषयी. कल्पना सुंदर आहे, पण वेळेचे गणित चुकले तर तिच्यासारखी फजिती नाही. हे मी अनुभवाने सांगते. एका परिषदेच्या वेळी दुपारी तीन वाजता पाहुणे येणार होते आणि आमची स्टोनवेअरची भट्टी थंड व्हायला मागत होती तो वेळ मी तिला दिला नव्हता. काटा 240 अंशांवर होता. पाहुणे दाराशी आले तशी मी झाकणाची फट चार बोटे वाढवली, आणि वरच्या फळीवरून टण्ण असा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा. सात थाळ्यांपैकी पाच आरपार तडकल्या. पाहुणे सभ्य होते, ते छताकडे पाहू लागले. कारण सरळ आहे. भाजलेल्या मातीतील क्वार्ट्झ 573 अंशांपाशी एकदम आकसते आणि क्रिस्टोबलाइट नावाचे सिलिकाचे दुसरे रूप सव्वादोनशे अंशांच्या आसपास असेच अचानक आकसते. त्या टप्प्यावर थंड हवेचा झोत लागला की भांड्याचा एक भाग आकसतो आणि दुसरा नाही. रुंद, सपाट थाळ्या सर्वांत आधी बळी पडतात.

म्हणून भट्टी तापमान शंभराच्या खाली आल्याशिवाय उघडू नका, आणि तापायला जितका वेळ लागला निदान तितका तरी वेळ निवण्यासाठी धरून त्यावर आणखी एक रात्र राखून ठेवा. लाकडाची मोठी भट्टी असेल तर निवायला कित्येक दिवस धरावे लागतात. आदल्या दिवशी भट्टी निवली तरी झाकण लावूनच ठेवा. आतले तुम्हीही पाहिलेले नसले म्हणजे झाले, पाहुण्यांना उत्सुकता तेवढीच राहते. वरच्या फळीवर थाळ्यांऐवजी पेले ठेवा आणि प्रत्येक भांडे निघाले की ते आधी त्याच्या कर्त्याच्या हातात द्या, मग पाहुण्यांच्या. आणि काही फसलेले निघाले तर ते मागे लपवू नका. ते त्याच टेबलावर जाऊ द्या.

प्रश्न : मागच्या परिषदेहून घेतलेल्या पाच पेल्यांपैकी दोन प्रवासात फुटले, आणि भेट मिळालेल्या ग्लेझच्या भुकटीवरून विमानतळावर खोळंबा झाला तो वेगळाच. काही उपाय सांगाल का?

उत्तर : भांडी बहुधा बाहेरच्या धक्क्याने फुटत नाहीत, एकमेकांवर आपटून किंवा आतल्या पोकळीमुळे फुटतात. पेल्याच्या आत मोजे ठासून भरा, कानाच्या फटीतही कापडाची वळी घाला आणि मग बाहेरून गुंडाळा. कान वर येईल असे ठेवा आणि कोणतीही दोन भांडी नुसत्या कागदाच्या अंतरावर ठेवू नका. झाकण नेहमी वेगळे बांधा. अगदी जिवाभावाचे भांडे हातातल्या पिशवीत न्या. खोके बंद केल्यावर हलवून पाहा. आत काही हललेले जाणवले तर पुन्हा उघडा.

न भाजलेले भांडे कोणी कितीही प्रेमाने दिले तरी घेऊ नका, ते घरी पोहोचेपर्यंत त्याची पुन्हा माती झालेली असते. आणि बिनचिठ्ठीची पांढरी भुकटी विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना दाखवून ती फेल्डस्पार, म्हणजे ग्लेझमध्ये घालायचे एक खनिज, आहे हे पटवून देण्याची हौस मलाही एकदा होती. दीड तास गेला. भुकटी तेथेच सोडा, कृतीचा कागद आणा, आणि त्यासोबत त्याच ग्लेझचा एक भाजलेला तुकडा मागून घ्या, म्हणजे आपल्या भट्टीतून निघालेला तुकडा त्याच्याशेजारी ठेवून पाहता येईल.